दोन ठोक्यांना एक

१

भिवंडीत कल्याण रोडच्या आत, दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे हटावं लागतं अशा एका गल्लीत प्रभाकररावांचं पहिल्या मजल्यावरचं घर होतं. घराच्या पाठीला पाठ लावून मागांचा कारखाना. शनिवारपासून गुरुवारपर्यंत त्याची खडखड अखंड चाले आणि शुक्रवारी सुट्टी म्हणून थांबे. पाहुण्यांना या घरात सहा रात्री झोप लागत नसे आणि घरच्यांना सातव्या रात्री.

चाळीस वर्षं त्या आवाजात काढलेल्या माणसांना ओरडून बोलायचा कंटाळा येतो. प्रभाकरराव आणि अनसूयाबाई यांनी त्यावर एक तोड काढली होती. दोघांच्या खोल्या शेजारी शेजारी, मध्ये एक भिंत. कारखान्याच्या मालकाने कधीतरी दिलेले दोन जुने धोटे त्यांच्याकडे होते. धोटा म्हणजे मागातून सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा होडीसारखा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी नाक असलेला. एक धोटा बाईंच्या टेबलावर, एक सरांच्या. बाईंनी भिंतीवर दोन ठोके मारले की त्याचा अर्थ ‘या’. सरांनी एक ठोका मारला की ‘आलो’. बहुतेक वेळा ते चहासाठी असे.

बाई एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या आणि मग त्यांच्या अंगात आलं. कॅमेरा घेतला, मोठा संगणक घेतला, खारबावपासून पडघ्यापर्यंतची गावं पालथी घातली आणि आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या धवलारणींना समोर बसवून त्यांची गाणी टिपून ठेवली. गाण्यांच्या आधीचं निवेदन त्या घरीच, शुक्रवारी बोलत. त्या दिवशी माग बंद असत.

प्रभाकरराव संख्याशास्त्राचे प्राध्यापक. डॉक्टरेट. योगायोग किती आणि नियम किती हे ओळखायला त्यांनी चौतीस वर्षं पोरांना शिकवलं आणि स्वतः मात्र गॅस बंद केला की नाही हे पाहायला तीनदा जिन्यातून परत येत राहिले.

गेल्या वर्षीच्या फाल्गुनातली गोष्ट. शुक्रवार होता. अकरा वाजून वीस मिनिटांनी भिंतीवर दोन ठोके पडले. प्रभाकररावांसमोर एका जुन्या विद्यार्थ्याचा प्रबंध होता आणि त्यातल्या एका आलेखाचा अक्ष चुकला होता. त्यांनी न बघता डाव्या हाताने धोटा उचलला, भिंतीवर एक ठोका मारला, कानाला हेडफोन लावले आणि आलेखात पुन्हा डोकं घातलं. भूक लागली म्हणून उठले तेव्हा बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. बाई खुर्चीतच होत्या. गाल टेबलावर, शेजारी मायक्रोफोन. ध्वनिमुद्रण चालूच होतं. ते प्रभाकररावांनीच स्वतःच्या बोटाने थांबवलं.

शुक्रवार होता, माग बंद होते. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती.

“हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही हो तिला,” असं ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले. तेराव्यापर्यंत ते सगळ्यांना पाठ झालं. मधली अठ्ठेचाळीस मिनिटं दोनच ठिकाणी होती. एक त्यांच्या छातीत, आणि दुसरी बाईंच्या संगणकात, त्या दिवशीच्या एक तास सहा मिनिटांच्या फायलीत. ती फाइल त्यांनी ऐकली नव्हती. पुसलीही नव्हती.

२

“बाबा, आईचा संगणक कटकट वाजतोय म्हणालात ना? हार्ड डिस्कची तबकडी जायला आली असेल,” बेंगळुरूहून शार्दूल म्हणाला. “सगळं तुमच्या यंत्रावर उतरवून घेऊ. पुढच्या रविवारी मी येतोय, माझी एक प्रत घेऊन जाईन.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं म्हणजे सगळं. आईचा आवाज आहे त्यात. मला निवेदनंसुद्धा ऐकायचीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

प्रभाकररावांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

“वायफायने पाठवायला बसलात तर चातुर्मास संपेल,” शार्दूल सांगत होता. “दोन्ही यंत्रं थेट जोडायची. मध्ये राउटर नाही, इंटरनेट नाही, काहीच नाही. दोन नेटवर्क कार्डं आणि एक केबल पाठवतोय. सेकंदाला दहा गिगाबिट. फक्त तुमचं यंत्र आणि आईचं, तिसरं कोणी नाही.”

मंगळवारी दिपाली आली. नाक्यावर तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. पंचेचाळिशीची, अंगाने भरलेली, बोलायला फटकळ. सातवीत अनसूयाबाईंच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे या घरात पायातल्या चपला काढतानाच तिचा आवाज जरा खाली येई.

“भिंतीला भोक पाडते हां सर. मागाहून बोलू नका, दिपालीने घर फोडलं म्हणून.”

“दारातून नाही का नेता येणार?”

“दारातून नेली तर दार लागणार नाही आणि तुम्ही अडखळून पडणार. मग शार्दूल मला फोन करणार. त्यापेक्षा भोक परवडलं.”

ड्रिल फिरलं. टेबलाच्या वर, वीतभर उंचीवर, रुपयाच्या नाण्याएवढं भोक पडलं आणि पलीकडून बाईंच्या खोलीतला उजेड अलीकडे आला. तिथेच धोट्यांच्या ठोक्यांनी रंग उडून भिंतीला एक बोटभर खड्डा पडलेला होता. दिपालीने त्यावरून हात फिरवला. निळी केबल तिने भोकातून ओवून घेतली. भोक केबलपेक्षा मोठं झालं होतं. “नंतर सिमेंट भरू,” ती म्हणाली.

“मध्ये राउटर नाही ना, म्हणून नंबर आपणच द्यायचे. तुम्ही एक, बाई दोन.”

“तिला एक दे.”

“सर, नंबर आहे तो. मानपान नाही.”

तिने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत काहीतरी टाइप केलं. चार ओळी एकापाठोपाठ उमटल्या.

“हे काय?”

“पिंग. तुमचं यंत्र बाईंच्या यंत्राला विचारतंय, आहेस का? ते सांगतंय, आहे. चारदा विचारलं, चारदा उत्तर आलं. उलटंही चालेल. तिकडून विचारलं तर तुमचं यंत्र आपोआप उत्तर देईल, तुम्ही झोपलेले असलात तरी.”

शार्दूलने सांगितलेला, तारेवरून काय जातं-येतं ते दाखवणारा एक प्रोग्रामही तिने उघडून ठेवला आणि हात धुवायला मोरीत गेली. प्रभाकरराव पडद्याकडे बघत बसले. प्रश्नोत्तरांच्या चार जोड्या नीट, एकाखाली एक दिसत होत्या. मग त्यांच्या खाली आणखी दोन ओळी सरकल्या. दोनकडून एककडे. आहेस का? आहेस का? आणि समोर लगेच त्यांच्या यंत्राची उत्तरं. आहे. आहे.

“दिपाली, तिकडच्या यंत्रावर तू काही केलंस का आता?”

“मी मोरीत आहे सर,” ती आतून ओरडली. “बाईंचा साबण अजून तसाच ठेवलाय तुम्ही?”

पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ अकरा वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. ते तेव्हा त्यांनी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

३

तार धावत होती, तबकडी दमत होती. बाईंच्या यंत्रातून कटकट आवाज येई, हिरवी पट्टी थोडी पुढे सरके, थांबे, पुन्हा सरके. पडद्यावर फायलींची नावं एकामागून एक जात. नावं बाईंनीच दिलेली होती, शिक्षिकेच्या शिस्तीत: गाव, बाईचं नाव, तारीख. प्रभाकरराव त्या नावांकडे बघत दिवसभर बसत. घरात माणूस वावरत असल्यासारखं वाटे. गेल्या वर्षभरात घरात कोणी काही करतंय असं पहिल्यांदाच वाटत होतं, आणि ते बरं वाटत होतं हेही त्यांना खटकत होतं.

बुधवारी सकाळी पट्टी लाल झाली. एक फाइल वाचता येत नव्हती. ती कुठली हे बघायला त्यांना चष्मा पुसायचीही गरज नव्हती.

‘पुन्हा प्रयत्न करा’ आणि ‘वगळा’ अशी दोन बटणं होती. वगळा म्हटलं की प्रश्न मिटला. तबकडी खराब होती, कोणाचा दोष नव्हता, शार्दूलला सांगायला खरं कारण होतं. त्यांचं बोट त्या बटणावर बराच वेळ थांबलं. मग त्यांनी ‘पुन्हा’ दाबलं. पुन्हा लाल. पुन्हा दाबलं. सातव्यांदा लाल झाल्यावर त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याबद्दल लाज वाटली, आणि ‘वगळा’ काही त्यांच्याने दाबवलं नाही. फाइल तशीच अडकून राहिली.

अकरा वीसला पडद्यावर खाली, त्या प्रोग्रामच्या खिडकीत दोन ओळी सरकल्या. आहेस का, आहेस का. मग दोन मिनिटांनी पुन्हा दोन.

त्यांनी शार्दूलला फोन लावला.

“यंत्रं कुजबुजतात बाबा आपसात. तू आहेस ना, मी आहे ना, चालूच असतं.”

“ठरावीक वेळेलाच?”

“काहीतरी शेड्यूल असेल. आईने कधी टाकून ठेवलं असेल एखादं सॉफ्टवेअर.”

“पण दोनच का? हा ‘एक’ नंबर तर काल दिपालीने दिला. तिच्या यंत्राला तो आधीच कसा...”

मग शार्दूलने तो आवाज काढला, जो तो गेले वर्षभर काढत होता. लहान मुलाशी बोलताना काढतात तसा.

“बाबा, झोप लागते ना नीट? ती मेमरीची टेस्ट लिहून दिली होती डॉक्टरांनी, ती करून घेतलीत का?”

“घेतो,” प्रभाकरराव म्हणाले. “उकाडा फार आहे इथे.” आणि फोन ठेवला.

४

गुरुवारी ते पोस्टात गेले होते. हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता. जिवंत असल्याची सही करून साडेबाराला परतले, तर स्वयंपाकाच्या रंगूबाई ओट्यापाशी कपाळाला आठ्या घालून उभ्या. रंगूबाई खारबावच्या. त्यांची आई नावाजलेली धवलारीण, बाईंनी सगळ्यात आधी टिपून घेतली ती तीच.

“सर, तुमी कवा आलाव?”

“आत्ता. का?”

“आत्ता? मंग मगाशी कोन व्हता?” रंगूबाईंनी पदराने हात पुसले. “मी बाईंच्या खोलीत केर कारत व्हते. झारूचा दांडा भिंतीला लागला, ठक ठक, दोनदा. तर तुमच्या खोलीतना एक ठोका आला. मी बोल्ली, सर आले वाटतं. च्या टाकला.”

“मी पोस्टात होतो रंगूबाई.”

“त्यो बगा च्या. साय धरली. कोन आला न्हाय.”

ओट्यावर कप होता. वर बशी झाकलेली, बाई झाकत तशी.

“मागांचा आवाज असेल,” प्रभाकरराव म्हणाले. “भिंत एकच आहे ना. धक्के बसतात.”

“असंल,” रंगूबाई म्हणाल्या. पण तो चहा त्यांनी गरम केला नाही, मोरीत ओतला आणि कप दोनदा विसळला. जाताना दारात थांबल्या. “सर, त्यो भोक बुजवून घ्या. उगरा न्हाय ठेवाचा.”

त्या गेल्यावर प्रभाकरराव आपल्या खोलीत गेले. खुर्ची टेबलापासून जरा लांब सरकलेली होती, ती आपणच सकाळी सरकवली असणार. धोटा टेबलाच्या डाव्या कडेला होता. तो तिथेच असतो. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. लाकूड गार नव्हतं. पण मार्च होता, गार असायला नकोच.

मग त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं, कागद घेतला आणि आकडे मांडले. प्रोग्रामने मंगळवारपासूनच्या सगळ्या नोंदी ठेवल्या होत्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तिन्ही दिवशी सुरुवात अकरा वीसला. दोन ठोके. ते ‘ठोके’ लिहीत आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं, पण त्यांनी खोडलं नाही. पुढचे दोन दोन मिनिटांनी. मग तीन मिनिटांनी. मग पाच. मग आठ. अंतरं वाढत गेलेली. तिन्ही दिवसांच्या अंतरांत सेकंदाचाही फरक नव्हता. अकरा पंचावन्नला शेवटचा, आणि तो जोडीने नव्हता. एकच होता. त्यानंतर काही नाही.

आणि त्या प्रत्येक वेळी त्यांच्या यंत्राने उत्तर दिलं होतं. आहे. तत्काळ, न चुकता, जागचं न हलता.

त्यांनी बिंदू जोडून आलेख काढला. अक्ष नीट होता. ही रेघ त्यांना कोणी वर्गात दाखवली असती तर त्यांनी सांगितलं असतं की काहीतरी हळूहळू थकत गेलंय. एखादा हात, समजा.

त्या दिवशी हेडफोन कानाला होते, त्यांनी स्वतःला सांगितलं. पहिल्यानंतरचे ऐकूच आले नसतील. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण ही सबब एका यंत्राच्या वेळापत्रकासाठी देतोय. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दिवसभर ती हाताला लागत राहिली.

५

शुक्रवारी माग थांबले. दहा वाजता वीजही गेली. लाइनच्या कामासाठी चार वाजेपर्यंत बंद, असा निरोप आदल्या दिवशी मोबाइलवर आला होता. रंगूबाईंची शुक्रवारी सुट्टी असे. गल्लीत उन्हाशिवाय काही नव्हतं.

इन्व्हर्टरवर घरातलं अर्धंच चाले. स्वयंपाकघरातला एक दिवा, आणि प्रभाकररावांच्या खोलीतला पंखा आणि संगणक. बाईंची खोली त्यावर कधीच घेतली नव्हती. “वीज नसली की मी वाचत बसेन, मला कशाला?” असं बाई म्हणाल्या होत्या.

अकरा वाजता ते बाईंच्या खोलीत जाऊन आले. खात्री करायला. पंख्याचं बटण दाबलं, पंखा हलला नाही. यंत्राच्या पाठीला हात लावला, थरथर नव्हती, कटकट नव्हती. पडदा काळा. त्यात खिडकीचा चौकोन आणि त्यांचं स्वतःचं वाकलेलं डोकं. तरी पुन्हा एकदा जाऊन पंख्याचं बटण दाबून पाहिलं. मग दार ओढून घेऊन ते आपल्या खुर्चीत येऊन बसले.

बरं झालं, त्यांना वाटलं. पलीकडे यंत्रच मेलेलं आहे. आता अकरा वीसला काही आलं नाही की ते वेळापत्रकच होतं हे सिद्ध. एका निरीक्षणात निकाल लागतो असे प्रयोग फार थोडे असतात.

त्यांच्या कार्डावरचा हिरवा दिवा मात्र लागलेला होता. पलीकडच्या टोकाला जिवंत काही असेल तरच तो लागतो, असं दिपाली म्हणाली होती. तसं ती म्हणाली होती की आपणच समजलो, याबद्दल त्यांना आता खात्री वाटेना.

अकरा वीस.

आहेस का? आहेस का?

आहे. आहे.

पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचा एक कागद उचलला आणि पुन्हा ठेवला. प्रभाकरराव पुढे वाकले. त्या दोन प्रश्नांपेक्षा त्यांना ती दोन उत्तरं बघवत नव्हती. त्यांच्या नावाने, त्यांच्या नंबराने कोणीतरी बसल्या जागेवरून ‘आहे’ म्हणत होतं, आणि उठत नव्हतं.

दिपालीने उत्तरं द्यायची परवानगी कुठल्या खिडकीत दिली होती ते त्यांनी शोधून काढलं आणि खूण पुसली.

अकरा बावीस. आहेस का? आहेस का? समोरचा रकाना कोरा राहिला.

मग लगेच पुन्हा. दोन. पुन्हा दोन. कालच्या, परवाच्या अंतरांशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. ओळी वर सरकायला लागल्या, आधी वाचता येतील अशा, मग नुसत्या राखाडी पट्ट्या. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर जळायला लागला. आणि मग सगळं एकदम थांबलं. पडदा स्तब्ध. गल्लीत दूरवर कोणीतरी “भंगारवाला” ओरडत गेला.

भिंतीवर दोन ठोके पडले.

हलके, लोखंडी नाकाचे. टेबलाच्या वर वीतभर, त्या खड्ड्याच्या बरोबर पलीकडे. भोकाच्या कडेचा चुना थोडासा झडून कीबोर्डवर पडला.

प्रभाकररावांचा डावा हात धोट्याकडे गेला होता. चाळीस वर्षांची सवय. तो त्यांनी मध्येच थांबवला. चष्मा काढून ठेवला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, हेडफोन टेबलावरच राहू दिले, आणि ते उठले.

६

बाईंच्या खोलीचं दार उघडताना त्यांनी जे जे काही असू शकेल ते मनात धरून ठेवलं होतं. खोलीत काही नव्हतं.

उन्हाचा पट्टा फरशीवर होता. पुस्तकांचं कपाट, भिंतीवर शाळेच्या निरोपसमारंभाचा फोटो, मायक्रोफोनवर रंगूबाईंनी घातलेला रुमाल. खुर्ची रिकामी. धोटा टेबलावर, तिच्या उजव्या हाताला, एका जागी वर्षभराची धूळ धरून. तो कोणी उचललेला नव्हता. धुळीवरून ते स्पष्ट होतं.

“आलो,” ते म्हणाले. मोठ्याने.

खोली इतकी रिकामी होती की त्यांना रडू आलं. काहीतरी असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं आणि त्या विचाराने ते खुर्चीत बसले. वर्षभरात त्या खुर्चीत ते बसले नव्हते. ती त्यांच्यापेक्षा बुटकी, म्हणून गुडघे वर आले. समोर काळा पडदा, त्याच्यामागून भिंतीत गेलेली निळी केबल.

इथून त्यांची खोली किती जवळ होती. हात लांबवला की भिंत.

पाठीत, खांद्याच्या खाली, मघापासून काहीतरी रुतत होतं ते त्यांना आता जाणवलं. जिना चढून आल्यासारखा दम लागला होता. बसून बरं वाटेल म्हणून थांबले, पण बरं वाटेना. घाम कानामागून गळ्यात उतरला. वीज नाही, पंखा नाही, उकाडा, त्यांनी स्वतःला समजावलं. मोबाइल? तो आपल्या टेबलावर, चष्म्याशेजारी. उठावं म्हणून त्यांनी टेबलाला हात लावला आणि पाय त्यांचं ऐकेनात.

समोर धोटा होता. त्यांनी तो उचलला. विचार करून नव्हे, हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून. भिंतीवर दोन ठोके मारले.

घरात दुसरं कोणी नव्हतं. हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पलीकडून एक ठोका आला.

स्वच्छ. ओळखीचा. थोडासा घाईचा, उरकून टाकल्यासारखा.

ते ऐकत राहिले. पावलं वाजतील, दाराची कडी हलेल. खुर्ची सरकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. नुसता त्या खोलीतल्या पंख्याचा भिरभिर आवाज.

टेबलावर छाती टेकून, मान वाकडी करून त्यांनी डोळा भोकाला लावला. केबलच्या वर चंद्रकोरीएवढी जागा होती. चष्मा नव्हता, डोळ्यात घाम होता. जे दिसलं ते दिसलं असं ते शपथेवर सांगू शकले नसते. पांढऱ्या सदऱ्याची बाही. कोपर. त्याच्यामागे, वाऱ्याने हलणारे विरळ पांढरे केस आणि त्यांवरून गेलेली हेडफोनची काळी पट्टी. माणूस समोरच्या पडद्यावर पुढे झुकला होता, एखादी बारीक चूक शोधताना झुकतात तसा. चेहरा दिसत नव्हता. तो वळेल, या भीतीने प्रभाकररावांनी श्वास धरला. मग तो वळावा म्हणून धरून ठेवला.

हाक मारायला हवी होती. काय म्हणून मारायची ते सुचेना. त्या माणसाला नावाने हाक मारायची या घरात कधी पद्धतच नव्हती. तोंड उघडलं तेव्हा त्यातून जे आलं ते त्यांनी स्वतःच दचकून ऐकलं.

“अहो.”

बाही हलली नाही.

त्यांनी पुन्हा दोन ठोके मारले. या वेळी ते बघत होते. डावा हात, न बघता, सवयीने, टेबलाच्या कडेला गेला. धोटा उचलला, भिंतीवर एकदा टेकवला आणि परत जागेवर ठेवला. मान वरसुद्धा झाली नाही.

मग ते भोकापासून बाजूला झाले. गाल टेबलावर टेकला, तो गार लागला. धोटा अजून हातात होता. अजून दोन मिनिटांनी मारता येईल, त्यांनी हिशेब केला, मग तीन मिनिटांनी, मग पाच. शेवटचा एकच मारायचा.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. तो माणूस भूक लागल्याशिवाय उठत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? आणखी तेहतीस मिनिटं. यायचा नक्की. येतोच तो, शेवटी.